न मोजलेली घसर

दिवाळीची सुट्टी लागायला चार दिवस होते. शाळेला निघाले तर गल्लीच्या तोंडाशी गवताची गाडी अडकलेली. आमच्या चाळीमागे व्हिक्टोरियावाल्यांचा तबेला आहे, तिथे आश्विन सरता सरता नवं गवत येतं. गाडीवान बैलांशी हुज्जत घालत होता आणि मी, पंचविशी ओलांडलेली, तिसरीच्या वर्गाला शिकवणारी मास्तरीणबाई, गाडीच्या मागे उभी राहून नाक वर करून वास घेत होते. वाळत आलेल्या गवताचा तो वास थोडा गोड, थोडा धुळकट. "बाई, गुरं हायेत काय तुमची?" गाडीवानाने विचारलं. नाहीत म्हटलं. "मग?" मी परत एकदा वास घेतला. शाळेला उशीर झाला, बोलणी खाल्ली, आणि पदराला चिकटून आलेलं एक कुसळ दिवसभर दंडाला टोचत राहिलं. मी ते काढलं नाही.

योगायोग बघा, त्याच दुपारी आमच्या ड्रॉइंगच्या बाईंनी एक विलायती सचित्र साप्ताहिक आणलं होतं. त्यात एक फोटो. पांढराशुभ्र डोंगर, त्यावर चिटपाखरू नाही, फक्त एक जण पायांना दोन लांब फळ्या बांधून खाली येतोय आणि त्याच्या मागे कोऱ्या बर्फावर दोन रेघा. "बघा तरी, लोकांचे कसले एकेक खेळ," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, "त्यात काय, हे आम्ही करायचो."

सगळ्या हसल्या. "रत्नागिरीत बर्फ पडतो वाटतं?"

"बर्फ कशाला हवा?"

"बरं, फळ्या तरी?"

"फळ्या कशाला हव्यात?"

"अहो, मग राहिलं काय?"

मी तावातावाने सांगायला तोंड उघडलं आणि घंटा झाली. माझं हे नेहमीचं आहे. भांडण हरायचं चारचौघींत आणि जिंकायचं घरी येऊन, एकटीनं, भाजी चिरताना. तर राहिलं काय, ते आता सांगते.

आमचा गाव रत्नागिरीच्या खाडीत आत, होडीने दोन तासांवर. खाली खाडी, मग भातशेती, मग पोफळीत लपलेली घरं, आणि घरांच्या डोक्यावर डोंगर. देशावरच्या माणसाला दाखवला तर तो याला डोंगर म्हणायचा नाही. पण आम्हांला पुरे होता. वर सपाट कातळाचा सडा आणि सड्याच्या कडेपासून खाली गवतच गवत. पावसाळ्यात या उतारावर पाय ठेववत नाही. पण भाताची कापणी उरकत आली, सकाळचं दव पडू लागलं, की हळूहळू त्याला रंग चढतो. आधी पोपटी, मग पिवळा, आणि दिवाळीला दुपारच्या उन्हात बघावं तर सगळा उतार मऊ, चकचकीत, एका अंगाला झुकलेला. हात फिरवला तर निसटतो. तुळशीचं लग्न लागलं की गवतावर विळा चालायचा. म्हणजे भाऊबीज ते तुळशीचं लग्न, एवढे नऊ-दहा दिवस डोंगर आमचा. वर्षाचे बाकीचे दिवस आम्ही त्या दिवसांची वाट बघण्यात काढत असू, असं म्हटलं तर मास्तरीण असूनही मी खोटं बोलत नाही.

आमची गाडी म्हणजे विरी. पोफळीचं झाप, म्हणजे झावळी, गळतं, त्याच्या बुडाशी चामड्यासारखी रुंद, गुळगुळीत विरी असते. मोठी माणसं तिचे द्रोण करीत, पोहरे करीत, तिच्यात गूळ बांधीत. आम्ही तिच्यावर बसत असू. देठ दोन पायांत घट्ट धरायचा, अंग मागे टाकायचं आणि टाचा उचलायच्या. टाचा उचलल्या की मग आपल्या हातात काही राहत नाही. पोटात जे होतं ते शब्दांत सांगता येत नाही. ते हसू असतं, पण पोटातून निघून तोंडापर्यंत यायच्या आत आपण खाली पोचलेले असतो. उरलेलं हसू खाली येऊन हसायचं.

आता यात घसर कशाला म्हणायचं आणि कशाला नाही, याचं शास्त्र होतं आणि शास्त्री होता दत्तू. दत्तू माझा चुलतभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणत नसे आणि त्यावरून आमच्यात रोज एकदा तरी भांडण होई. दत्तूचं म्हणणं असं: वर चढायचं ते आपल्या पायांनी, आपली विरी आपल्या डोक्यावर घेऊन. ज्या गवतावरून यंदा कोणी उतरलं नाही, तिथूनच उतरायचं. कोणाच्या मळलेल्या रेघेवरून आलात तर ती घसर नव्हे. मध्ये पाय टेकला तर नव्हे. कोणी ढकललं, ओढलं तर नव्हेच नव्हे. आणि खाली पोचल्यावर अख्खी विरी हातात दाखवायची. "विरी मोडून आलास तर ती घसर नाय, ते पडणं," दत्तू म्हणायचा. तोंडात गवताची काडी धरून निकाल द्यायचा मेला.

हा सगळा अट्टाहास कशासाठी, तर नावासाठी. उतारावर पहिल्यांदा जो ज्या ठिकाणाहून उतरेल, त्याचं त्या जागेला नाव. बापूची घसर, दाम्याची घसर. हे नुसतं पोरांपुरतं नव्हतं. गवत कापायच्या दिवशी डोंगर वाटून देताना काका बायकांना सांगायचे, "तू दाम्याच्या घसरीपास्नं करवंदीपर्यंत, तू बापूच्या घसरीच्या वरती." दाम्या नावाचा माणूस कधीच कोलंबोला कामाला गेला होता, गावात त्याचं तोंड कोणी दहा वर्षांत पाहिलं नव्हतं, पण त्याची घसर जागच्या जागी होती.

पोरींच्या नावाची घसर एकही नव्हती. पोरींनी उतरू नये असा नियम नव्हता. कोणी उतरली नव्हती इतकंच. आम्हा पोरींना विरीवर बसवून भाऊ अंगणात ओढत. सारवलेल्या अंगणात गोल गोल. मीही बसले आहे, कशाला खोटं बोलू? पण दत्तू म्हणाला, "ही तुमची वरात," आणि ते मला लागलं.

त्या वर्षी मी अकरा वर्षांची होते. वडील मुंबईला एका छापखान्यात खिळे जुळवायचं काम करीत. भाऊबिजेच्या आदल्या दिवशी त्यांचं पत्र आलं: खोली मिळाली आहे, तुळशीचं लग्न झालं की निघून या. आई आनंदली आणि मग चुलीपाशी बसून रडली. मला वाटलं ते एवढंच, की आता माझ्याकडे हेच नऊ-दहा दिवस आहेत. दत्तूला जाऊन सांगितलं, मला उतरायचं आहे, मला नाव हवं आहे. तो म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." म्हटलं, मला पुढचं वर्ष नाही. त्याने तोंडातली काडी काढून फेकली. मग म्हणाला, "उतर की. पण मोजीन ती रीतीनं." मी म्हटलं, "मोजलीस तर तुला दादा म्हणीन." असला सौदा त्याच्याशी कोणी कधी केला नव्हता.

पण उतरायचं कुठून? पुढच्या उताराच्या सगळ्या जागा मुलांनी पहिल्या दोन-तीन दिवसांतच मळून टाकल्या होत्या. कोरी राहिली होती ती फक्त मागची बाजू, आमच्या काकांच्या खळ्यावर उतरणारी. ती कोरी होती कारण मध्ये जांभ्या दगडांचा गडगा, म्हणजे रचीव बांध, होता आणि त्या गडग्यात बैल जाईल एवढंच खिंडार. खिंडारातून नेमकं गेलात तर खाली खळं, चुकलात तर गडगा. शिवाय वरचा उतार मंद, विरी अर्ध्यात अडकते, असं दत्तूच म्हणायचा.

आणि इथे हसनचाचा आला. हसनचाचा खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातला, आगबोटीवर कोळसा टाकायच्या कामाला. दोन बोटींच्या मध्ये महिना-दोन महिने घरी असे आणि तेव्हा आमच्या ओटीवर बसून काकांशी गप्पा मारी. त्या दिवशी तो उत्तरेकडच्या कुठल्याशा बंदराचं सांगत होता. तिथे डोंगर पांढरे, झाडांवर पांढरं, घरांवर पांढरं. "खारट असतं काय?" दत्तूच्या धाकट्या भावाने, बाळ्याने विचारलं. आम्ही मिठागरापलीकडे पांढरं काय पाहिलं होतं? चाचा हसून हसून खोकला. मग म्हणाला, "तिकडची माणसं पायाला फळ्या बांधून डोंगरावरनं घसरतात. गावाजवळ चांगला मळलेला उतार होता, पोरंबाळं तिथं. पण एक बाई बघितली मी, माझ्या आईच्या वयाची. फळ्या खांद्यावर घेऊन चालली आपली रानात, जिथं पाऊल नाय कुणाचं. दोन तास चढली असंल. आणि आली खाली भुर्रकन." मी विचारलं, "अडकली नाही?" "नाय गो. फळीला खालनं मेण लावतात ना."

मेण. मी उठून आत गेले. आमच्याकडे मेण नव्हतं, पण फडताळात आईचा कोकमाच्या तेलाचा गोळा होता. थंडीत टाचांच्या भेगांना लावायचा, पिवळसर, घट्ट, बोटाने घासला की वितळणारा. आईच्या त्या वर्षीच्या सगळ्या थंडीची ती बेगमी होती. मी अख्खा गोळा उचलला. पापाची टोचणी अशी झालीच नाही, हे आजही नवल वाटतं.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी दुपारी मी मागच्या बाजूने चढले. सगळी विरी खालून तेलाने माखली होती आणि ती डोक्यावर घेतल्यामुळे केसही माखले होते. ऊन असं होतं की गवताच्या प्रत्येक पात्याची कड दिसावी. खाली खळ्यावर भाताच्या पेंढ्यांच्या उडव्या रचलेल्या, आणि त्यांच्यापाशी दत्तू, बाळ्या, चार पोरं, आणि होडीची वाट बघत थांबलेला हसनचाचा, सगळे डोळ्यांवर हात धरून वर बघत होते. मला एकदम खूप आनंद झाला. भीती होतीच, पण आनंद तिच्याहून मोठा होता. एवढा सगळा उतार, आणि त्यावर एकसुद्धा रेघ नाही.

बसले. देठ धरला. टाचा उचलल्या.

अडकायची भीती घातली होती ना दत्तूने? कसलं अडकणं. कोकमाचं तेल आणि कार्तिकातलं गवत यांचं काय जमतं, हे तोवर सबंध रत्नागिरी जिल्ह्यात कोणाला माहीत नसावं. गवत दोन्ही बाजूंनी सरसरत मागे गेलं, करवंदीचं झुडूप आलं आणि गेलं, एक टिटवी ओरडत उठली, आणि गडगा माझ्याकडे धावत आला. मी डावीकडे अंग टाकलं. खिंडार सापडलं, पण विरीची उजवी कड दगडाला लागली आणि काडकन आवाज झाला. उरलेल्या अर्ध्या विरीवर मी पुढचा सगळा उतार आले, पाय न टेकता, आणि भाताच्या उडवीत जाऊन घुसले ती कंबरेपर्यंत.

बाहेर काढलं तेव्हा मी हसत होते आणि मला थांबता येत नव्हतं. कोपर सोललेलं, परकर फाटलेला, अंगभर कुसळं. चाचा म्हणाला, "शाबास." पोरं दत्तूकडे बघू लागली. दत्तूने माझ्या हातातला विरीचा तुकडा घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि खरं सांगते, त्याचा चेहरा पडला होता.

"अर्धी हाय," तो म्हणाला.

"अर्धी तर अर्धी. पाय टेकला नाही मी."

"नाय टेकलास. पण विरी अख्खी पायजे. नाय मोजता येत गो यशे."

चाचाने माझी बाजू घेतली. आपल्या पायांनी चढली, कोणी गेलं नाही तिथून आली, आणखी काय हवं? दत्तू काडी चावत उभा राहिला, पण हलला नाही. आज मला त्याचं कौतुक वाटतं. तेव्हा मी त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी तुळशीचं लग्न लागलं आणि मी तोंड फुगवून अक्षता टाकल्या. आईला गोळा सापडेना. मी कबूल झाले. आई माझ्या तेलकट केसांकडे बघत राहिली. "माझ्या टाचांचं तेल डोंगराच्या टाचांना लावलंस होय?" म्हणाली, आणि काकूला एवढं हसू आलं की आईलाही हसावं लागलं. सकाळी होडीत आमच्याबरोबर हसनचाचाही होता, त्याची बोट मुंबईला लागली होती. तो म्हणाला, "बेटी, खाली आलीस ना? मग झालं." मला ते पटलं नाही. मला नाव हवं होतं. रत्नागिरीच्या बंदरात पडावातून बोटीवर चढेपर्यंत मी वळून वळून बघत होते, जणू तिथून आमचा डोंगर दिसणार होता.

परकरातली कुसळं मुंबईत महिनाभर निघत होती. पुढे शाळा झाली, ट्रेनिंग झालं, नोकरी लागली. वडील गेले, गावी जाणं राहत गेलं. कोणी बर्फाचा गोळा खाल्ला तरी मला हसनचाचा आठवतो. आणि दर दिवाळीला, मुलांच्या पाठ्यपुस्तकात 'डोंगर' हा शब्द आला की मी त्यावर जरा जास्त वेळ काढते, असं मुलांचं म्हणणं आहे.

तर फोटोवरून भांडण झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी मी आईला म्हटलं, चल, गावी जाऊ. आईने "यंदा काय विशेष?" एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ट्रंक ओढली.

गाव होता तसा होता. हसनचाचाला जाऊन तीन वर्षं झाल्याचं काकूने सांगितलं. दत्तू खळ्यावर होता, मिशा आलेला, दोन मुलांचा बाप. "मास्तरीण आली," म्हणून हसला आणि परत पेंढ्या बांधू लागला. मी चहा घेतला आणि डोंगरावर गेले.

वर सड्याच्या कडेला एक दहा-अकरा वर्षांची मुलगी विरी घेऊन बसली होती. शेजारच्या वाडीतली असावी, मला ओळखत नव्हती. हातात केळीच्या पानाचा तुकडा, त्यात पिवळसर गोळा. मी वाकून वास घेतला. विचारलं, "हे काय गो?"

"कोकमाचं तेल. विरीला."

"कशाला?"

तिने माझ्याकडे शहरातल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "ही यशीची घसर. तेलाबिगर उतरायचं नाय हितनं. रीतच हाय."

मी तिच्याशेजारी बसले. विचारलं, "कोण ही यशी?"

"काय माहीत. जुनी असेल कोण तरी." ती विरीला तेल चोळत राहिली. "दत्तूकाका म्हणतात, विरी मोडून आली ती, मोजायची नाय. पण नाव त्यांनीच ठेवलंय. गवत कापतानासुद्धा हेच सांगतात, यशीच्या घसरीपास्नं खालती."

खाली उन्हात उतार तसाच झुकलेला होता. गडगा होता, खिंडार होतं, दगडाची ती कड होती. खळ्यावर उडव्या होत्या आणि त्यांच्यापाशी एक माणूस डोळ्यांवर हात धरून वर बघत होता.

"तुझ्याकडे दुसरी विरी आहे?" मी विचारलं.

होती. नऊवारीचा काष्टा आवळला, चष्मा मुलीच्या हातात दिला. ती म्हणाली, "लावू तेल?" म्हटलं, लाव, चांगलं लाव. मग बाकीचं सगळं तेच. टाचा उचलल्यावर आपल्या हातात काही राहत नाही हेही तेच, आणि पोटातलं हसूही तेच, त्याचं वय वाढलेलं नव्हतं. खिंडारापाशी मात्र मी डावीकडे जरा लवकर अंग टाकलं. पंधरा वर्षं त्या दगडाचा विचार करत होते, वाया जाईल काय?

उडवीत घुसले. पेंढा तोंडात, डोळ्यांत, अंबाड्यात. वर बघते तर दत्तू उभा. त्याने हात पुढे केला, पण मला उठवायला नव्हे. मी विरी त्याच्या हातात दिली. त्याने ती उन्हात धरली, उलटी केली, कडेकडेने बोट फिरवलं, तोंडातली काडी या गालातून त्या गालात नेली.

"अख्खी हाय," तो म्हणाला. "मोजली."

आणि तो तिथेच उभा राहिला, मिशांतल्या मिशांत हसत, माझ्या तोंडाकडे बघत.

"हात दे रे दादा," मी म्हटलं, "उठव मला."